दिवाळीची साफसफाई आणि माळ्यावरचा ग्रामोफोन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा आटोपला. हलका धान कापणीला आला आणि गावोगाव घरं उपसायला सुरुवात झाली. माळा झाडला की पितळी घंगाळ, मोडका कंदील, फुटकी पेटी यांच्या जोडीला कधी कधी रेक्झिन लावलेली एक काळी चौकोनी पेटीही खाली येते. बाजूला चावी घालायचं भोक, झाकण उघडलं की मखमली कापडाची ताटली आणि तिच्यावर झुकलेला निकेलचा हात. जुनी माणसं त्याला फोनो म्हणतात, कोणी नुसतंच बाजा म्हणतात. दुसऱ्या दिवशी कबाडी येतो आणि तो बाजा लोखंडाच्या भावाने किलोवर जातो. पुढे त्याचा साउंडबॉक्स (पिन धरणारी आवाजाची डबी), हात आणि मोटार काढून नव्या लाकडी खोक्यात बसवतात, वर चकचकीत पितळी भोंगा लावतात, आणि तेच शहरात ‘अँटिक’ म्हणून विकलं जातं. एक खरं यंत्र मोडून एक खोटं यंत्र तयार होतं.

आमची वाचकांना कळकळीची विनंती आहे की या दिवाळीला तो बाजा देऊ नका. तो बहुधा मेलेला नसतो. त्याचं ग्रीस वाळलेलं असतं आणि रबर कडक झालेलं असतं, बस. थोड्या धीराने तो पुन्हा वाजतो, आणि त्याला लाइनही लागत नाही.

गोंदिया-भंडारा-गडचिरोलीच्या माणसाने तर हे यंत्र परकं मानायचं काहीच कारण नाही. मिनिटाला ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी लाखेची असते. आपल्याकडे पळसावर, बोरीवर, कुसुमावर जी लाख धरते, तीच लाख. पळस-बोरीवरची ती रंगिणी आणि कुसुमावरची ती कुसुमी, हा फरक इथल्या लाख उत्पादकाला सांगावा लागत नाही. ही लाख शुद्ध करून तिच्यात दगडाची बारीक पूड, काजळी आणि थोडा कापसाचा तंतू मिसळायचा आणि तापवून साच्यात दाबायचं, की झाली तबकडी. लाखेचं काम एवढं सगळं बांधून ठेवण्याचं. वजनात जास्त भाग दगडाच्या पुडीचाच. ही लाख प्रामुख्याने भारतातूनच जगभर जायची. दुसऱ्या महायुद्धात तिचा तुटवडा पडला तेव्हा १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठीच्या लाखेचा वापर ७० टक्क्यांनी कमी करायला लावला, आणि कंपन्या जुन्या फुटक्या तबकड्या परत घेऊन त्या नव्यात वितळवू लागल्या. तबकडी कशाची आहे हे पक्कं ध्यानात ठेवलं, की तिला काय सोसतं आणि काय नाही, हे पाठ करावं लागत नाही.

आता कामाचं. पेटी खाली काढली की सगळे पहिली चूक करतात ती चावी फिरवायची. ती फिरवू नका. आतल्या डब्यात साधारण एक इंच रुंद आणि तीन-चार मीटर लांब पोलादी पट्टी गुंडाळलेली असते. तिच्यावरचं ग्रीस चाळीस-पन्नास वर्षांत लाखेसारखं कडक झालेलं असतं. वेढे एकमेकांना चिकटलेले असताना जोर लावला की पट्टी बाहेरच्या टोकाला, जिथे भोक असतं तिथे फाटते. मोठा ‘धाड’ आवाज येतो आणि मग चावी मोकळी फिरत राहते. त्यामुळे आधी ब्रेक सोडून ताटली हाताने हलकेच फिरवून बघा. आत काही ताण उरला असेल तर तो पूर्ण उतरू द्या. ताण असलेल्या मोटारीला पेचकस लावणं म्हणजे बोटं गमावण्याची तयारी.

मग ताटली काढायची. मधल्या खुंटीवर बारीक क्लिप आहे का बघा, असेल तर ती काढा. नसेल तर दोन्ही बाजूंनी सारखी वर ओढत खुंटीच्या डोक्यावर लाकडाने हलका टोला द्या. ताटली निमुळत्या दांड्यावर घट्ट बसलेली असते, ती सुटते. एकाच बाजूने उचकटलीत तर दांडा वाकेल आणि पुढे जन्मभर ताटली डुलत राहील. कडेचे स्क्रू काढले की फळीसकट मोटार वर येते. मोटार एचएमव्ही (हिज मास्टर्स व्हॉइस) कंपनीची असेल, गॅरार्डची असेल, किंवा स्विस पेलार्ड वा थोरेन्सची असेल. तत्त्व सगळ्यांचं एकच: पट्टीचा डबा, दोन-तीन दातेरी चाकं आणि शेवटी वेग आवरणारा तीन वजनांचा गव्हर्नर.

चाकं आणि दांडे टर्पेंटाइनमध्ये बुडवलेल्या जुन्या दातघासण्याच्या ब्रशने धुवायचे. पूर्वी यासाठी रॉकेल सर्रास वापरत; मिळालं तर चालतं, पण नंतर कोरडं पुसायला हवं. दात्यांत अडकलेलं काळं तेल बांबूच्या काडीने काढा, लोखंडी टोकाने नको. पितळेला ओरखडा पडला की तिथे करकर सुरू होते. धुऊन झाल्यावर दांड्यांच्या टोकांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, आणि चाकांच्या दात्यांना बोटाच्या टोकावर मावेल एवढं ग्रीस. जास्त तेल घातलं तर जास्त चांगलं, हा समज इथे नडतो. यवतमाळ-अमरावतीकडे जिनिंगच्या दिवसांत हवेत कापसाचा तंतू असतो. तो त्या तेलावर बसतो आणि महिनाभरात नमदा तयार होतो.

पट्टीचा डबा मात्र प्रत्येकाने उघडू नये, हे आम्ही स्पष्ट सांगतो. सुटलेली पट्टी तलवारीसारखी फिरते. हातात चामड्याचे मोजे, डोळ्यांना चष्मा, वर जाड पोतं, आणि हे काम आधी केलेला माणूस शेजारी, एवढं असेल तरच उघडा. पट्टी मधून वेढा-वेढा करून बाहेर घ्यायची, धुवायची, पुसायची, ग्राफाइटयुक्त ग्रीसचा पातळ थर द्यायचा आणि बाहेरच्या वेढ्यापासून परत आत भरायची. व्हॅसलीनमध्ये ग्राफाइट कालवायची जुनी पद्धत थंड मुलखातली आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की ते पाणी होऊन डब्यातून गळतं आणि फळी तेलकट होते. लिथियमचं ग्रीस घेऊन त्यात ग्राफाइटची पूड मिसळा, ते उन्हाळ्यातही जागेवर राहतं. पट्टी बाहेरच्या टोकालाच फाटली असेल तर फेकू नका. शेवटची दोन बोटं भाग लाल होईस्तोवर तापवून सावकाश गार होऊ द्यायचा, म्हणजे पोलाद मऊ पडतं. मग नवं भोक पाडता येतं. फाटलेला तुकडा गेल्याने दम थोडा कमी होतो, पण यंत्र चालतं. मधूनच तुटली असेल तर रुंदी, जाडी आणि लांबी मोजून नवीच घ्यावी लागते. वाजताना मोटारीतून ‘धप्प’ असा आवाज येऊन पिन उडत असेल, तर तेही वाळलेल्या ग्रीसचंच लक्षण. चिकटलेले वेढे एकदम सुटतात, त्याचा तो धक्का.

गाणं हेलकावे खात असेल तर बोट गव्हर्नरकडे करा. तीन पितळी वजनं तीन पातळ पट्ट्यांवर बसवलेली असतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात, एक चकती सरकते आणि नमद्याच्या किंवा चामड्याच्या गादीवर घासते. वेग आवरला जातो. गादी कोरडी असेल तर ती किंचाळते आणि वेग डळमळतो. तिला एक थेंब तेल पुरतं. तीनपैकी एक पट्टी तडकलेली असेल तर भिंगाशिवाय दिसत नाही, पण स्वर थरथरतो. बदलायच्या तर तिन्ही एकदम बदला, कारण नवी पट्टी आणि जुनी पट्टी सारख्या वाकत नाहीत. तालुक्याच्या गावी अजून हाताने काम करणारे घडीसाज आहेत. ते बारीक स्क्रू त्यांच्या हातचे आहेत, त्यांच्याकडे न्या.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो साउंडबॉक्सला. आवाज तिथे जन्मतो आणि बिघडतोही तिथेच. ही रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी, गोल, धातूची डबी. हातात घेऊन उजेडात धरा. एचएमव्हीच्या जुन्या डबीत, म्हणजे ‘एक्झिबिशन’ किंवा ४ नंबर या नमुन्यांत, काचेसारखी अभ्रकाची चकती दिसेल. १९२७ पासून आलेल्या ५ नंबरच्या घराण्यात (५, ५ए, ५बी) अॅल्युमिनियमची वळ्यावळ्यांची चकती असते, वर जाळी. अभ्रकावर पांढुरके डाग किंवा कडेला पापुद्रे सुटलेले दिसले तर ती चकती थकली. चकतीच्या मधोमध पिन धरणाऱ्या दांडीचं टोक बारीक स्क्रूने बसवलेलं असतं आणि त्याच्यावर मेणाचा ठिपका असतो. तो ठिपका तडकला की ठराविक स्वरावर गुणगुण ऐकू येते, माशी अडकल्यासारखी. मधमाशीचं शुद्ध मेण सुईच्या टोकावर वितळवून एक थेंब टाकला की ती जाते.

चकतीच्या पुढे-मागे रबरी नळीची दोन कडी असतात. मूळ रबर आज दगड झालेलं असतं. त्यामुळे चकती मोकळी थरथरत नाही आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. लोकांना वाटतं ग्रामोफोनचा आवाजच असा असतो. तो तसा नसतो. ही कडी बदलायला सायकलच्या दुकानात मिळणारी जुनी व्हॉल्व्ह ट्यूब चालते. डबीच्या आतल्या घेराएवढा तुकडा कापा, दोन्ही टोकं तिरपी कापा आणि ती फट न राहता जुळली पाहिजेत. केसाएवढी फट राहिली तरी हवा तिथून निसटते आणि खालचे स्वर जातात. मागचा भाग बसवताना स्क्रू एक घट्ट, मग समोरचा, असे थोडे थोडे आवळायचे. चकती खुळखुळता कामा नये आणि चिमटली जाता कामा नये. एक्झिबिशनमध्ये दांडी दोन बारीक स्प्रिंगांवर तोललेली असते. मधला स्क्रू काढला तरी दांडीचं टोक चकतीच्या भोकासमोर आपोआप यायला हवं. ते आत ओढत असेल किंवा बाहेर राहत असेल तर स्प्रिंगांचे स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून जुळवा. इथे घाई करणाऱ्याची चकती फुटते.

जुळवणी नीट झाली का, याची परीक्षा सोपी आहे. डबीच्या मागच्या भोकाला ओठ लावून हलकेच हवा ओढा आणि जिभेने भोक बंद करा. डबी क्षणभर जिभेला धरून राहिली तर सांधे पक्के. लगेच सुटली तर कुठेतरी फट आहे. डबी हाताला जिथे जोडली जाते तिथलं मागचं रबरही तपासा; ते मेलं असेल तर खरखर वाढते आणि भोंग्याचा अर्धा दम वाया जातो.

एक धोका वेगळा सांगायला हवा. ४ नंबर, ५ए, ५बी यांची पाठ आणि काही यंत्रांचे हात जस्ताच्या मिश्रधातूचे आहेत. त्या काळी जस्तात शिशाचा अंश राहिला की धातू आतून हळूहळू फुगतो, तडकतो आणि बिस्किटासारखा तुटतो. अशी डबी यंत्राच्या हातात अडकली असेल तर पकडीने पिरगाळू नका. कोमट हवेने थोडी तापवून, हलवत हलवत, अर्धा तास घालवून काढा. तडा दिसला तर स्क्रू पूर्ण आवळण्याचा मोह टाळा.

पिनेबद्दल तर लोकांचं ऐकून घ्यायची इच्छाच नसते, म्हणून थोडा हिशोब मांडतो. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन मिनिटं वाजली तर ताटली सुमारे २३४ वेळा फिरते, आणि पिन तिच्या खाचेतून साधारण सव्वाशे मीटर घासत जाते. वर शंभर ग्रॅमपेक्षा जास्त वजन, तेही एका टोकावर. खाली दगडाची पूड असलेली लाख. ही पूड मुद्दाम घातलेली असते: पहिल्या काही फेऱ्यांत ती पोलादी टोकाला घासून खाचेच्या आकाराचं करते. बाजू संपेपर्यंत त्या टोकाला दोन धारदार कडा आलेल्या असतात. तीच पिन दुसऱ्या बाजूला लावली की त्या कडा छिन्नीसारख्या खाच तासतात. खाचांचा काळा रंग करडा पडलेला दिसतो ना, तो याचाच परिणाम, आणि तो परत भरून येत नाही. म्हणून एका बाजूला एक पोलादी पिन, हा नियम कंजूष माणसानेही मोडू नये. जाड आणि आखूड पिन मोठा आवाज देते, बारीक आणि लांब पिन मऊ. ग्रामोफोनला आवाजाचं बटण नाही, पिन हेच त्याचं बटण. गंजलेली पिन, कपडे शिवायची सुई, खिळ्याचं टोक, यातलं काहीही चालणार नाही. शिवायची सुई खूप अणकुचीदार असते, ती खाचेच्या तळाला नांगरते. पूर्वी बांबूच्या तिकोनी पिनाही मिळत; त्या मऊ असल्याने तबकडी कमी झिजते, पण त्यांना तिकोनी भोक असलेली डबी लागते आणि टोक बसलं की कातरून नवं काढावं लागतं.

आणखी एक हात जोडून सांगणं: ३३ किंवा ४५ फेऱ्यांची प्लास्टिकची तबकडी यावर कधीही लावू नका. तिची खाच फार बारीक असते. एकदाच वाजवली तरी ती संपते.

तबकडी धुवायला साधं गार पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश. खाचांच्या दिशेने गोल फिरवायचं, कागदी लेबल कोरडं ठेवायचं, लगेच सुती कपड्याने टिपायचं. स्पिरिट, सॅनिटायझर, सेंट हे काही लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. लाकडाला पॉलिश करणारा सुतार हे रोज करतो. चमक यावी म्हणून खोबरेल चोळण्याची पद्धत गावात आहे. त्याने दोन दिवस चमक दिसते, मग धूळ खाचांत चिकटून बसते. जवसाचं तेल तर त्याहून वाईट. ते हवेने सुकून वार्निशसारखं कडक होतं आणि खाच बुजते.

विदर्भाचा उन्हाळा हा तबकड्यांचा खरा शत्रू. टिनाच्या छपराखालचा माळा दुपारी किती तापतो हे आपल्याला माहीतच आहे. आडव्या रचलेल्या तबकड्या त्या उष्णतेत बशीसारख्या वाकतात आणि खालच्या दोन-चार स्वतःच्याच वजनाने तडकतात. त्या उभ्या ठेवा, एकमेकींना लागून, तिरप्या नव्हे, घरातल्या सर्वांत थंड खोलीत, जमिनीपासून हातभर वर. खाली राहिल्या तर पावसाळ्यात वाळवी आधी पाकिटं खाते आणि मग पेटीचं लाकूड. लेबलावर बुरशी आली तर कोरड्या ब्रशने झटका. वाकलेली तबकडी सरळ करता येते. आधी ती धुवा, नाहीतर धूळ खाचांत दाबली जाईल. तिच्यापेक्षा मोठ्या दोन जाड काचांमध्ये ठेवा आणि हिवाळ्यातल्या अकराच्या उन्हात सपाट फरशीवर मांडा. दहा मिनिटांनी बघा. वरच्या काचेच्या वजनानेच ती बसलेली दिसेल. हाताने दाबू नका. काचांसकट सावलीत न्या आणि अर्धा तास गार होऊ द्या. हे काम मे महिन्यात करायचं नाही; तेव्हा ऊन काचेखाली खाचाही मऊ करून टाकतं.

वेगाची गोष्ट गावातल्या भजनी मंडळाला चटकन कळेल. तबकडीखाली कडेला कागदाचा पांढरा तुकडा अडकवा, पिन खाचेत असतानाच मोजा, अर्ध्या मिनिटात ३९ फेरे आले पाहिजेत. पिन न लावता मोजलं तर मोजमाप फसतं, कारण पिनेचा भार पडला की वेग थोडा उतरतो. वेग तपासायची छापील पट्ट्यांची चकती मिळाली तर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ७७ पट्ट्यांची घ्या आणि चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली बघा, तिचा उजेड विजेच्या लयीत लुकलुकतो. चांगल्या एलईडीत ती लुकलुक नसते. पट्ट्या स्थिर दिसल्या की वेग बरोबर. पण १९२५ च्या आधीच्या पुष्कळ तबकड्या नेमक्या ७८ वर ध्वनिमुद्रित झालेल्याच नाहीत. तिथे हार्मोनियम काढा. वेगात साधारण सहा टक्के फरक पडला की स्वर एका पट्टीने सरकतो. म्हणजे ७८ वर जवळपास साडेचार फेरे वाढवले की काळी एकची पांढरी दोन होते. गाणाऱ्याची पट्टी अनेक तबकड्यांवरून माहीत असेल तर षड्ज जुळवून वेग ठरवता येतो. संगतीची पेटी त्या काळी वेगळ्या उंचीवर लावलेली असू शकते, तेवढी सूट धरा. वेग चुकला की थोर गळाही पोरकट किंवा आजारी वाटतो, आणि मग लोक म्हणतात जुनी माणसं अशीच गायची. हा त्या माणसांवर अन्याय आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, तर त्या आवाजासाठी. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि गायिका गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं. सुरुवातीच्या त्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला दाबून इकडे यायच्या. गाणं संपताना गायिका स्वतःचं नाव सांगते, ते तिथल्या कामगाराला लेबल लावताना कोणाचं गाणं आहे हे कळावं म्हणून. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. भोंग्यात तोंड घालून गायचं आणि गळ्याच्या ताकदीनेच मेणावर खाच पडायची. साधारण १६८ ते २००० हर्ट्झ एवढाच पट्टा पकडला जायचा. डग्ग्याचा घुमारा आणि झांजेची झळाळी त्यात नाहीच, पण मानवी आवाजाचा गाभा नेमका त्याच पट्ट्यात आहे. १९२५ पासून विजेचं मुद्रण आलं आणि पट्टा १०० ते ५००० हर्ट्झपर्यंत रुंदावला. म्हणून जुन्या मुद्रणाला अभ्रकाची डबी आणि नंतरच्या मुद्रणाला अॅल्युमिनियमची डबी लावून बघा. तीसच्या दशकातल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ओडियन कंपनीच्या तबकड्या चांगल्या जुळवलेल्या ५ए डबीवर लावल्या की तारषड्ज पोकळीत उभा राहतो, त्याच्याभोवती तंबोऱ्याचा झंकार ऐकू येतो. मोबाइलवर त्याच गाण्याची खरखर गाळली जाते आणि तिच्याबरोबर श्वासही गाळला जातो. ग्रामोफोनवर खाच आणि कान यांच्यामध्ये एक पिन, एक चकती आणि हवा, एवढंच असतं.

ऐकायला बसायचं ते आठ-दहा फुटांवर. मातीच्या भिंती, सारवलेली जमीन आणि कौलं असलेली खोली फरशीच्या हॉलपेक्षा कितीतरी चांगली, कारण माती खरखर पिते आणि गळा राहू देते. हातात न्यायच्या पेटीचं झाकण उघडं ठेवा, आवाज त्याच्यावर आपटून पुढे येतो. कपाटासारख्या यंत्राचं वरचं झाकण मात्र वाजताना बंद करा, म्हणजे पिनेचा स्वतःचा कुजबुजाट आतच राहतो.

विकत घेणाऱ्यांसाठी थोडं. पितळी भोंग्याची नवी पेटी हौसेने घेऊ नका. भोंग्याच्या खऱ्या यंत्रांना बहुधा रंगवलेल्या पत्र्याचा किंवा लाकडाचा भोंगा असतो. फुलीचे स्क्रू दिसले तर ते नंतरचं काम. मूळ स्क्रू एका खाचेचे. एचएमव्हीच्या कुत्र्याचं चित्र वाकडं, रंग भडक, लाकडाला ताज्या पॉलिशचा वास, याकडे लक्ष द्या. सर्वांत पक्की कसोटी म्हणजे हात तबकडीच्या मधल्या खुंटीकडे फिरवून बघणं. चांगल्या यंत्रात पिनेचं टोक खुंटीच्या जवळपास, अर्ध्या इंचाच्या आतबाहेर येतं. जोडकामाच्या यंत्रात ते कुठेही भरकटतं, आणि अशी पिन प्रत्येक फेऱ्याला खाचेची भिंत खाते. आपल्या माळ्यावरची रंग उडालेली काळी एचएमव्ही १०२ यापेक्षा शंभर पटीने मोलाची. ती १९३१ पासून जवळजवळ तीस वर्षं बनत होती आणि तिच्या हाताची मांडणी जाणत्या माणसांनी केलेली होती.

शेवटी एक मागणी. आपल्या भागातल्या अनेक जुन्या सार्वजनिक वाचनालयांच्या कपाटांत तबकड्या पडून आहेत आणि त्यांची कुठे नोंद नाही. ग्रंथपालांनी निदान एका वहीत लेबलाचं नाव आणि रंग, गाणाऱ्याचं नाव, लेबलावरचा क्रमांक, आणि लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला बारीक आकडा एवढं उतरवून ठेवावं. तो कोरलेला आकडा सर्वांत महत्त्वाचा, कारण लेबल निघून गेलं तरी त्यावरून गाणं ओळखता येतं. पेन्सिलने कागद घासून त्याचा ठसा घ्या, तबकडीवर काही लिहू नका. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स हेच काम करते आहे, पण झाडीपट्टीतल्या एखाद्या गावच्या कपाटात काय आहे हे तिथून दिसणार नाही. एखाद्या फुटक्या तबकडीवरही ‘यंग इंडिया’ या जुन्या देशी छापाचं लेबल असेल तर ती फेकू नका, आकडा उतरवा.

कबाड्यांच्या फेऱ्या धनत्रयोदशीच्या आधीच सुरू होतात. तेव्हा हे पत्र या आठवड्यात छापता आलं तर फार उपकार होतील.

आपले,
साकोली, लाखांदूर, अर्जुनी मोरगाव व देवरी तालुक्यांतले ग्रामोफोनवाले वाचक